निवडुंगाच्या माळावर गाव बसवणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

किर्लोस्करवाडी (ता. पलूस) : पुण्याकडून मिरजेला जाणाऱ्या गाडीत बसलं की ताकारीनंतर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं, त्याच्या पुढे आमणापूर. या स्टेशनाचं नाव पूर्वी कुंडल रोड होतं. कुंडल गाव जवळ, म्हणून कुंडल रोड. इथे वाडी नव्हती, कारखाना नव्हता. निवडुंग होता, साप होते आणि पावसाळा सोडला तर गुरंही फिरकणार नाहीत असा माळ होता. १९१० साली बेळगावहून एक चाळिशीचा माणूस थोडी यंत्रं आणि पंचवीस कामगारांची कुटुंबं घेऊन या माळावर आला. पुढे स्टेशनाचं नावच त्याच्या आडनावावरून पडलं. असं भाग्य आपल्या भागात फार कमी लोकांच्या वाट्याला आलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की लोकांना नांगर आणि पंप आठवतात. ते बरोबरच आहे. पण त्यांनी गाव कसं बसवलं, कुणाकुणाला घेऊन बसवलं आणि त्या गावावर पुढे काय वेळ आली, हे फारसं बोललं जात नाही.

सातारा-सांगलीकडची जुनी गावं कशी बसली ते आधी बघितलं पाहिजे. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला सातारा शहर वसवलं, त्याच्या पेठांना वारांची नावं मिळाली. चिंतामणराव पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले आणि कृष्णाकाठचं सांगली हे साधं गाव राजधानी झालं. राजाने बोलावलं की सावकार आले, व्यापारी आले, भिक्षुक आले, कारागीर आले. पण जो तो आपल्या आळीत बसला. ब्राह्मण आळी, तांबट आळी, कुंभारवाडा, आणि वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. खेड्यातही तेच. माणसाचं घर कुठल्या बाजूला आहे एवढं कळलं की त्याची जात विचारायची गरज नसायची. पाणवठा कुठला, हेही त्यावरूनच ठरायचं. नव्या माळावर नवं गाव बसवताना हा जुना नकाशा सोबत आणायचा की नाही, हा प्रश्न लक्ष्मणरावांपुढे होता.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर हेही तिथलेच. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पोराचं मन पुस्तकात नव्हतं, चित्र काढण्यात आणि वस्तू उघडून बघण्यात होतं. वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला याहून वाईट बातमी कुठली? रंगाचं काम सुटलं, पण रेघ सुटली नाही. यंत्रांची चित्रं काढायचं ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायला लागले. सुट्टीच्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळायची. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. १८९७ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात दोघा भावांचा सायकलींचा धंदा आधीपासून होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे. गिऱ्हाईकाला सायकल चालवायलाही तेच शिकवायचे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव तिथलं. पण लक्ष्मणरावांना दुसऱ्याचा माल विकण्यात रस नव्हता. त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. त्यानंतर घेतला लोखंडी नांगर.

हे समजायला शेतकरी असावं लागतं. लाकडी नांगर जमीन फोडतो, पण पालथी करत नाही. काळ्या रानात हराळी आणि कुंदा खोलवर गेलेला असतो. चार-चार जोड्या जुंपून तास काढला तरी मुळी खालीच राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा वर येते. लोखंडी नांगर माती उलटवतो, मुळ्या उन्हात पडतात, वाळतात. एवढी सरळ गोष्ट. तरीही नांगर कुणी घेईना. लोखंड जमिनीत घातलं की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज त्यावर हसायला येतं. पण त्या काळच्या शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. एक हंगाम वाया गेला तर वर्षभर सावकाराच्या दारात. अनोळखी अवजारावर तो जुगार कसा खेळणार? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून आणि लक्ष्मणराव आपले थांबलेले. पुढे खप वाढला तो नांगराने स्वतःच वाढवला, कारण नांगराची खरी जाहिरात बांधावरच होते. एकाचं रान बघून शेजारी विचारायला लागतो.

जम बसतोय तोवर बेळगावची जागा सोडायची वेळ आली. गावाची हद्द वाढत होती, नवी वस्ती होणार होती, त्यात कारखान्याची जागा गेली. यंत्रं, सामान, माणसं घेऊन जायचं कुठे? औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच, १९०९ मध्ये, गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार, कलेची आणि कारागिराची कदर असलेले. लक्ष्मणरावांशी त्यांची जुनी ओळख. त्यांनी औंधात बांधकामाचं काम दिलं, आणि अडचण कळल्यावर संस्थानाच्या कुंडल भागात रेल्वेकाठची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. औंध म्हणजे आजचा खटाव तालुका आणि कुंडल आजच्या पलूस तालुक्यात. पण तेव्हा संस्थानं अशीच तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली होती. मार्च १९१० मध्ये या माळावर काम सुरू झालं.

आधी निवडुंग तोडला. मग कारखान्याची शेड, मग घरं. पाणी, रस्ते, सफाई, शाळा असं एकेक उभं राहत गेलं. विलायतेत साबणाच्या आणि चॉकलेटच्या कारखानदारांनी कामगारांसाठी पोर्ट सनलाइट आणि बोर्नव्हिल अशी गावं वसवली होती. बिहारकडे साकचीच्या रानात टाटांच्या पोलाद कारखान्याचं काम चालू होतं, त्याचं पुढे जमशेदपूर झालं. पण त्या सगळ्यांच्या मागे मोठं भांडवल. इथे दहा हजार रुपये आणि कर्ज फेडायची चिंता. गावाचं काम बघायला रामूअण्णा. घरं कुठे, गटार कुठून, झाडं कुठं लावायची, हे सगळं त्यांच्याकडे. वाडीचा खरा पाटील म्हणाल तर रामूअण्णाच.

सोबत आलेली माणसं बघितली की नवल वाटतं. शाळेच्या परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी कारखान्याचे व्यवस्थापक झाले आणि पडेल ते काम निभावत गेले. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट टाकून आलेले, ते इंजिनिअर झाले. ओतकामाची भट्टी शंभुराव जांभेकरांनी सुधारली. हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. आज नोकरीच्या जाहिरातीत पहिली ओळ शिक्षणाची असते, त्या हिशेबाने यातले निम्मे फाटकातूनच परत गेले असते. लक्ष्मणराव माणसाचा हात बघायचे, कागद नाही.

आणि रात्रीच्या राखणीला कोण? शिक्षा भोगून आलेले दोन दरोडेखोर. एक रामोशी समाजातला, एक मांग समाजातला. आजूबाजूच्या गावांत यावर काय चर्चा झाली असेल याची कल्पना करावी. कारखान्याचं लोखंड, पैसा, बायका-पोरं, सगळं त्यांच्या भरवशावर. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने देशातल्या कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला होता, हजेरी देत फिरायचं त्यांच्या नशिबी आलं होतं. खरं तर रामोशी म्हणजे मुळात गावाचा आणि किल्ल्याचा राखणदार. त्याचं वतन गेलं, काम गेलं आणि मग तो चोर ठरला. लक्ष्मणरावांनी त्याच्या हातात पुन्हा राखण दिली असं म्हटलं तरी चालेल. ते विश्वासाला जागले. याच औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची उघडी वसाहत सुरू झाली, आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आंखें बारह हाथ' काढला. सिनेमा सगळ्यांना माहीत आहे. वाडीचे राखणदार त्याच्या कितीतरी आधीचे.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम. ते स्वतः कर्मठ ब्राह्मण घरात वाढलेले, आणि काळ असा की हॉटेलात कप वेगळे, विहीर वेगळी. गावात असा नियम करायचा तर पंचांपुढे, देवळापुढे, भावकीपुढे मान तुकवावी लागते. माळावर भावकीच नव्हती. जो आला तो कामावर आला. कोण कुठल्या कामाचा, यावर ओळख. भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस घामाने सारखाच भिजतो.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे मालकाचं गाव होतं. जमीन मालकाची, घर मालकाचं, नियमही मालकाचा. काम सुटलं की घर सुटलं. वेशीबाहेरच्या माणसाला आत जागा मिळाली, ती एका भल्या माणसाच्या इच्छेने मिळाली, हक्काने नाही. आणि कारखान्याच्या वरच्या जागांवर बहुतेक ब्राह्मण मंडळी, बाजूच्या कुंडल-पलूसच्या रानातले शेतकरी आणि मजूर बहुतेक मराठा आणि इतर. वाडीचं कौतुक करताना आजूबाजूच्या गावांना वाडी कशी दिसत होती, हे विसरून चालत नाही. तिथे वीज, बागा, वाचनालय, नाटकं. इथे कंदील आणि चिखल. एकाच शिवारात दोन काळ नांदत होते.

पहिलं महायुद्ध १९१४ ला लागलं आणि विलायतेहून येणारं कच्चं लोखंड आटलं. भट्टी विझायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. संस्थानातल्या किल्ल्यांवर जुन्या तोफा गंजत पडल्या होत्या, त्या त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या तोफांनी कधीकाळी रानं उजाड केली असतील, त्या रानात नांगर होऊन उतरल्या.

युद्धानंतर धंदा वाढला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक होते, १९२६ मध्ये पंप आला. चरकाने गुऱ्हाळं बदलली. पंपाने तर कृष्णाकाठ बदलला. नदी दिसते पण पाणी रानात चढत नाही, ही कृष्णा-येरळेच्या काठावरची पिढ्यान् पिढ्यांची व्यथा. पुढे इंजिन आणि पंप आले, तेव्हा पाणी चढ चढायला लागलं. आज पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षाच्या बागा आणि वाळवा-कडेगावकडे ऊस दिसतो, त्यामागे सहकार आहे, उपसा योजना आहेत आणि हा पंपही आहे.

त्याच १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रक काढलं. मालाची बातमी देण्यासाठी सुरू झालेलं हे पत्रक बघता बघता मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. तीन मासिकं, आणि तीही पुण्या-मुंबईत नाही, माळावरच्या वाडीत छापलेली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे लेख 'किर्लोस्कर'मध्ये यायचे, सनातनी मंडळी चिडायची. 'स्त्री'मध्ये बायकांचं शिक्षण, विधवांचे प्रश्न, लग्न, असे विषय यायचे. नांगराच्या गावाने विचारांचीही नांगरट केली असं जुने वाचक म्हणायचे, ते खोटं नव्हतं.

तिकडे कुंडलमध्ये वेगळंच वारं होतं. गांधीजींच्या सल्ल्याने औंधच्या राजाने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार दिला. संस्थानी हद्दीत इंग्रज पोलिसांना थेट हात घालणं अवघड, म्हणून १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या कामाचं कुंडल हे मोठं ठाणं झालं. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड कुंडलचेच. वाडीच्या भोंग्याचा आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर हे सगळं चाललं होतं. बहुजन समाजातली पोरं सत्तेला अंगावर घेत होती. गावांचा जुना नकाशा आता वाडीच्या बाहेरही हलायला लागला होता.

मग १९४८ उजाडलं. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. मारणारा ब्राह्मण, ही बातमी पसरली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे पेटले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जमाव किर्लोस्करवाडीवरही आला आणि कारखान्याला आग लावली. जिथे जात विचारायची नाही असा नियम होता, ते गाव मालकाच्या जातीपायी जळालं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सोपी नाही. पिढ्यान् पिढ्यांची सावकारी, गहाण पडलेल्या जमिनी, शिवाशीव, वतनदारी, याचा राग गावोगाव साचलेला होता. पण तो राग ज्यांच्यावर निघाला त्यात साधे भिक्षुक होते, मास्तर होते, आणि लोखंडी नांगर देणारा माणूसही होता. आगीने हिशेब बघितला नाही. त्यानंतर खेड्यातली कितीतरी ब्राह्मण कुटुंबं सांगली, मिरज, पुण्याला निघून गेली. पाठोपाठ कूळकायदा आला, जमिनी कसणाऱ्याच्या नावावर झाल्या. ब्राह्मण आळी हे नाव बऱ्याच गावांत राहिलं, घरात माणसं दुसरी आली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांची ठेवण जेवढी त्या दोन-चार वर्षांत बदलली तेवढी आधीच्या शंभर वर्षांत बदलली नसेल. यावर आजही पारावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बेळगावची जागा गेली तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते, पुन्हा उभं राहायला अंगात बळ होतं. आता कारभार मुलाच्या हातात. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला इंजिनिअरिंग शिकून आलेले. १९४१ मध्ये हरिहरला, १९४६ मध्ये पुण्याला आणि बंगळूरला किर्लोस्करांचे नवे कारखाने निघाले होते. वाडी सोडून द्यायला कारण पुष्कळ होतं आणि जायला जागाही होती. तरी वाडी सोडली नाही. कारखाना पुन्हा उभा केला, भट्टी पुन्हा पेटली, आजूबाजूच्या गावांतले कामगार पुन्हा फाटकातून आत यायला लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. पुढच्या वर्षी साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे लक्ष्मणरावांची वाडी एका आयुष्यात राजाची प्रजा, मग सातारा आणि मग दक्षिण सातारा एवढं फिरली. सांगली हे नाव बघायला ते नव्हते.

२६ सप्टेंबर १९५६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

वाडीत पंप आजही बनतात. मासिकं पुण्याला गेली आणि नंतर बंद पडली. पहिल्या फळीतली घराणी पांगली, पण कारखान्यात तिसऱ्या-चौथ्या पिढीचे कामगार सापडतात, कुंडलचे, पलूसचे, रामानंदनगरचे. निवडुंगाचा माळ कुठे होता हे आता दाखवता येत नाही, कारण चहूबाजूंनी ऊस आणि द्राक्षं आहेत. जुन्या गोठ्यांत मात्र अजून एखादा लोखंडी नांगर भिंतीला टेकवलेला दिसतो. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही, पण भंगारात घालायलाही म्हातारी माणसं तयार होत नाहीत.